मशेरीची डबी आणि सफाई तपासणी

जुन्नर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर मी शिकवायला लागले तेव्हा प्रार्थना झाली की सफाई तपासणी असे. नखं, केस, मग ‘ई करा’. दात पांढरे दिसले की बाई पुढच्या मुलाकडे. दात कशानं घासले, हे कुणी विचारत नसे.

घरोघरी गोवरीची राख असायची, तीत चिमूटभर मीठ. शेताकडे जाताना मोडलेली बाभळीची नाहीतर कडुलिंबाची काडी. बाजारच्या दिवशी आणलेलं माकडछाप काळं मंजन. आणि मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरून बारीक करायची, डबीत भरायची. पहाटे चूल पेटली की आई, आजी ती बोटानं दातांना, हिरड्यांना लावत बसायच्या. शेजारी बसलेली सात-आठ वर्षांची पोरही त्याच डबीत बोट घालायची. तिच्या लेखी ते दात घासणंच होतं. मशेरी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, असं पुढं सांगणाऱ्या बाया अशा पोरींतूनच घडल्या. तंबाखूची तलफ त्यांना दात घासण्याच्या नावानं लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.

याच पुणे जिल्ह्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले होते. 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं तपासून त्यांनी तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याआधी उमटणाऱ्या खुणांचा अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध केला. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं बंदी केली ती मात्र 1992 मध्ये. उत्पादक कोर्टात गेले, 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. हा निर्णय मोलाचा होता. पण खेड्यातल्या मशेरीला कारखाना लागत नाही, तवा पुरतो.

रोज दोनदा दात घासावेत, हे मुलं घडाघडा सांगायची. रात्री घासणारं मूल क्वचितच सापडे. जेवल्यावर खळखळून चूळ भरायची जुनी रीत मात्र घराघरांत होती, आणि ती टिकायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. शाळेत खिचडी शिजू लागल्यावर मी सगळ्या वर्गाला नळावर उभं करून चूळ भरायला लावायची.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांतून मुलांचे दातही तपासतात. किडलेली दाढ त्यांना सापडते, घरातली डबी सापडत नाही. ती बाईंनाच शोधावी लागेल. आता शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, परिपाठानंतर ‘दात घासलेस का?’ विचारून थांबू नका. ‘कशानं घासलेस?’ हेही विचारा. मशेरी असं उत्तर आलं तर पोरीवर रागावू नका. तिच्या आईला शाळेत बोलवा आणि शेजारी बसवून बोला.