पेज, परळ आणि मॉर्फिन

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर असते. मज्जातंतूंचे दाट जाळे तिथेच असल्याने या ग्रंथीच्या कर्करोगाची कळ पोटातून पाठीत जाते. उताणे निजले की वाढते, पुढे वाकून बसले की थोडी उतरते. गाठीने पित्तनलिका दाबली की डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते. सिंधुदुर्गातल्या मालवण किनाऱ्यावर हे लक्षण साहजिकच काविळीत जमा होई आणि आधी झाडपाला चाले. निदान होईपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ बहुधा गेलेली असे. उरे ती घरची शुश्रूषा: माजघरातले बाजले, उकड्या तांदळाची पेज, पाठ चोळायला आळीपाळीने जागणारी माणसे.

औषध मात्र दूर होते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. परळ-लालबाग ही तेव्हा कोकणी गिरणी कामगारांची वस्ती होती. त्यामुळे रुग्णाचा मुक्काम चाकरमानी नातलगाच्या खोलीवर पडे. दुसरी वाट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची. त्याचे मूळ १८४२च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे. रुग्ण गावी परतला की दोन्ही वाटांवरचा औषधोपचार तुटे.

१९८६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर तीन पायऱ्यांची पद्धत मांडली: साधे वेदनाशामक, मग सौम्य अफूजन्य औषध, शेवटी मॉर्फिन, शक्यतो तोंडाने आणि घड्याळ लावून, कळ येण्याची वाट न पाहता. त्याच वर्षी डॉ. एल. जे. डिसोझा यांनी वांद्र्याला ‘शांती अवेदना’ हे देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह, उभारले. पुढे गोव्यात लोटलीला त्याची शाखा निघाली. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन अनेक परवान्यांत अडकले होते. ती गाठ २०१४च्या दुरुस्तीने सैल केली.

दरम्यान स्वादुपिंडासाठी खास आधारोपचार रुळले. पित्तनलिकेत स्टेंट बसवला की कावीळ व खाज ओसरते. पोटामागच्या मज्जाजालात औषध टोचून कळ कमी करता येते. पाचकरसांअभावी खोबऱ्याचे वाटण पचत नाही, शौच तेलकट होते. जेवणासोबत एन्झाइमची कॅप्सूल घेतली तर पेजेवरच राहिलेल्या माणसाला पुन्हा माशाची कढी झेपू शकते.

हा आजार शेजारच्या गोव्यात सर्वांच्या डोळ्यांसमोर आला तो मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांमुळे. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असतानाच त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला; १७ मार्चला त्यांचे निधन झाले. त्याआधी, २०१८च्या आरंभी, बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले आणि सिंधुदुर्गाचे परावलंबन उघड झाले.

त्याआधीच २०१२च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने परिहार सेवा, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना हलकी करणारी शुश्रूषा, जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्याची दिशा आखली. केरळात १९९३मध्ये स्थापन झालेल्या कोळिकोडच्या एका संस्थेने घरभेटींची पद्धत रुजवली होती: परिचारिका घरी जाते, जखम धुते, मॉर्फिनची मात्रा ठरल्या वेळी द्यायला घरच्यांना शिकवते. विखुरलेल्या वाड्यांच्या किनाऱ्याला हीच पद्धत मानवणारी. शुश्रूषा घरात पूर्वापार आहे, तिला औषधाची जोड तेवढी लागते.