सॉफ्ट कोरल मिटून बसलंय? औषध टाकण्याआधी पाणी मोजा

खडवली म्हटलं की भातसा नदी आणि रविवारची गर्दी आठवते. गोड्या पाण्याच्या या गावात माझ्या हॉलमध्ये 100 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, म्हणून मित्र हसतात. मे महिन्यात त्यातलं छत्रीसारखं लेदर कोरल मिटलं, तेव्हा मीही घाबरून आयोडिन मागवायला निघालो होतो. लॉग न बघताच कोड बदलण्यासारखं झालं ते.

मिटलं म्हणजे आजारी असं नाही. लेदर कोरल अधूनमधून मिटतं, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो आणि काही दिवसांनी गळतो. त्याची कात टाकण्याची पद्धत समजा. वेव्हमेकरचा प्रवाह त्याच्यावरून जाऊ द्या, बस्स. काळजी कधी करायची? भाग काळा पडून विरघळायला लागला, घाण वास आला किंवा शेजारची कोरल्सही एकदम मिटली तर.

माझ्याकडे सगळीच मिटली होती. तापमान 26 अंश, म्हणजे ठीक. रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता मात्र 40! हवी 35.

कारण माझाच प्रोजेक्ट निघाला. ईएसपी32 ला तापमानाचा सेन्सर जोडून 27 अंशांच्या वर गेलं की पाण्यावर फॅन सुरू होईल असं केलं होतं. चार दिवस गावी गेलो, फॅनने काम चोख केलं. पण फॅन गार करतो तो पाणी उडवून, आणि मीठ मागेच राहतं. रोज 3 लिटर, म्हणजे चार दिवसांत 12. 35 × 100 ÷ 88 केलं की 39.8 येतं.

उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं नाही, साधं आरओ पाणी घालायचं. (घरच्या प्यायच्या आरओमध्ये बऱ्याचदा मिनरल मिसळतात, टीडीएस मीटरने तपासा, शून्याच्या जवळ हवं.) पण 12 लिटर एकदम ओतू नका, तो धक्का जास्त वाईट. मी रोजच्या घटीशिवाय अडीच लिटर जादा, असं पाच दिवस घातलं. नवव्या दिवशी कोरल उघडलं.

क्षारता बरोबर असेल तर पुढे बघा. अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएचच्या आसपास स्थिर आहे का? नायट्रेट शून्य तर नाही? अगदी स्वच्छ पाण्यातही सॉफ्ट कोरल उपाशी राहतं. रंग पांढुरका होत असेल तर लाइट कमी करा. लेदर कोरल शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनं सोडतं, त्यासाठी फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. सडका भाग धारदार ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापला तर उरलेलं बहुतेक वेळा भरून येतं. आयोडिनचं स्नान त्यानंतर, आणि तेही वेगळ्या भांड्यात.

झोअँथिड हाताळताना मात्र ग्लोव्हज आणि चष्मा घालाच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं. तो दगड उकळणं किंवा गरम पाण्याने घासणं तर कधीच नाही.

निळ्या एलईडीत फोन रंग चुकीचा दाखवतो. रोज एकाच वेळी, पांढऱ्या लाइटमध्ये, त्याच जागेवरून फोटो काढा. फरक लगेच कळतो.

आणि विकत घेताना नीट चौकशी करा. आपल्याकडे दगडी कोरल, काळं कोरल आणि सी फॅन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, ती बाळगणं गुन्हा आहे. मालवणच्या खडकांवरून "एक तुकडा" आणायचा विचारही नको.

आता त्याच ईएसपी32 ला फ्लोट स्विच आणि छोटा पंप लावलाय. स्विच अडकला तर सगळी बादली टँकमध्ये जाईल, म्हणून पंपाला दिवसाला 4 लिटरची मर्यादा कोडमध्येच टाकली आहे.