जादूच्या पत्त्यांचे न्यायशास्त्र

पत्त्यांच्या खेळाचा इतिहास लिहिणारे बहुधा पत्त्यांवरील चित्रांचा, रंगांचा आणि छपाईचा इतिहास लिहितात. नियमांच्या इतिहासाकडे सहसा कोणी वळत नाही, आणि त्याला कारणही तसेच आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांची १२० पाने असतात, दिवसा रामाचा मान आणि रात्री कृष्णाचा, हा संकेत डावाला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो, आणि एकदा तो मुखोद्गत झाला की पिढ्यान् पिढ्या त्याच्या मसुद्याला हात लावण्याचे प्रयोजन उरत नाही; कारण सबंध कॅट सर्वांच्या परिचयाचा असून तोच कॅट पिसून सर्वांना वाटला जातो. परंतु १९९३ साली अमेरिकेत असा एक खेळ जन्मास आला की ज्याचा संपूर्ण कॅट एकाही सामान्य खेळाडूने पाहिलेला नव्हता, ज्यात प्रत्येक जण स्वतः विकत घेतलेली वा अदलाबदलीत मिळवलेली निराळी पाने घेऊन बसत होता, आणि ज्याच्या पानापानावर खेळाचा एखादा सर्वसाधारण नियम मोडण्याची सनद छापलेली होती. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हे त्या खेळाचे नाव. या खेळाच्या चित्रांविषयी आणि त्याच्या दुर्मीळ पानांना येणाऱ्या किमतींविषयी पुष्कळ बोलले जाते. मला मात्र त्यातील सर्वांत मोलाची वस्तू त्याचा कायदा वाटतो, कारण तो कोणा एका प्रज्ञावंताने एका बैठकीत रचलेला नसून, जिंकण्याच्या ईर्ष्येने नियमातील प्रत्येक फट शोधून काढणाऱ्या खेळाडूंनी तो कायदेकर्त्यांकडून कलमागणिक घडवून घेतलेला आहे.

खेळाचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा त्या वेळी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणिताच्या डॉक्टरेटसाठी अभ्यास करीत होता. १९९१ साली तो आपला एक पटावरचा खेळ घेऊन पीटर अ‍ॅडकिसन याच्या ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ या लहानशा प्रकाशनसंस्थेकडे गेला, तेव्हा असा खर्चिक खेळ काढण्याची ऐपत नसलेल्या अ‍ॅडकिसनने, खेळाडूंच्या संमेलनांमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात खेळता येईल असा सुटसुटीत खेळ मागितला. गारफील्डने फिलाडेल्फियातील मित्रमंडळींसाठी १२० पानांचा एक कच्चा संच तयार केला आणि तो त्यांच्यात वाटून दिला. या चाचणीच्या दिवसांतील एक प्रसंग गारफील्डने स्वतः नमूद करून ठेवला आहे. प्रतिपक्षाची पुढची पाळी बुडावी अशा हेतूने त्याने एका पानावर मोजक्या शब्दांचे इंग्रजी वाक्य लिहिले होते. एक मित्र ते पान घेऊन आनंदाने सांगत आला की, हे हाती पडले की विजय निश्चित, कारण प्रतिपक्ष पुढच्या पाळीत हरतो असे येथे स्पष्ट लिहिले आहे. वाक्य तेच, व्याकरणाला दोन्ही अर्थ मान्य. लेखकाचा हेतू प्रमाण मानावा की लेखाचा शब्द, हा जो वाद जगातील सर्व न्यायालयांत चालत आलेला आहे, तो या खेळात त्याच्या प्रसिद्धीपूर्वीच येऊन उभा राहिला होता. ते पान पुढे मजकूर बदलून ‘टाइम वॉक’ या नावाने छापले गेले आणि खेळातील सर्वांत प्रबळ नऊ पानांमध्ये त्याची गणना होऊ लागली.

पहिली आवृत्ती १९९३ च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडली. तीत २९५ निरनिराळी पाने होती आणि ती बेल्जियममधील टर्नहाउट या पत्त्यांच्या छपाईसाठी ख्यातनाम असलेल्या गावी छापली गेली होती. नियमपुस्तिका लहान होती आणि तिच्यातील आद्य तत्त्व असे होते की, पानावरील मजकूर आणि नियम यांत विरोध आला तर पान श्रेष्ठ. या एका वाक्याने खेळाला अमर्याद वैचित्र्य दिले, आणि या एकाच वाक्याने अमर्याद तंटेही दिले. कारण पान आणि नियम यांचा विरोध मिटला तरी दोन पानांचा परस्परांशी विरोध आल्यास काय करावे, याविषयी पुस्तिका बहुतांशी मौन बाळगून होती. खेळाडूच्या स्वतःच्या गठ्ठ्यात, म्हणजे डेकमध्ये, किमान ४० पाने असावीत एवढेच बंधन होते, एकाच पानाच्या किती प्रती घालाव्यात याला मर्यादा नव्हती; शिवाय डावाच्या आरंभी दोघांनीही आपल्या डेकमधील एकेक पान पणाला लावावे आणि जिंकणाऱ्याने ते घेऊन जावे, अशीही तरतूद होती. गारफील्डची समजूत अशी होती की, माणसे मर्यादित पाने विकत घेतील आणि दुर्मीळ पाने एका गावात एखाद-दुसरीच असतील. प्रत्यक्षात लोकांनी खोक्यांमागून खोकी विकत घेतली, आणि मित्रांच्या सद्‌भावावर उभारलेली ती व्यवस्था काही महिन्यांतच अपुरी पडली.

तेव्हा १९९४ च्या जानेवारीत स्पर्धांसाठी पहिले लेखी निर्बंध जाहीर झाले : डेक किमान ६० पानांचा, कोणत्याही पानाच्या चारांहून अधिक प्रती नाहीत, काही पानांची एकच प्रत, आणि काही पाने सर्वस्वी वर्ज्य. ही पहिली यादी मोठी बोधप्रद आहे. तीत विनामूल्य खेळता येणारे आणि तत्काळ तीन मॅना, म्हणजे पाने खेळण्यासाठी खर्चावी लागणारी शक्ती, देणारे ‘ब्लॅक लोटस’ आहे, हे रास्तच. परंतु तिच्यात ‘डिंगस एग’ आणि ‘ऑर्किश ओरिफ्लॅम’ यांसारखी पानेही आहेत, ज्यांना पुढच्या काळातील कोणताही जाणता खेळाडू आपल्या डेकमध्ये जागा देणार नाही. कायदेकर्त्यांना भय कशाचे बाळगावे हेच अद्याप कळलेले नव्हते. याचे कारण उघड आहे : खेळाचे डावपेचशास्त्र अजून निर्माण व्हावयाचे होते.

ते शास्त्र पुढील दोन-तीन वर्षांत निर्माण झाले. ब्रायन वाइसमन या कॅलिफोर्नियातील खेळाडूने रचलेला डेक ‘द डेक’ या साध्या नावाने प्रसिद्ध पावला, कारण त्यात प्रथमच एक सुसंगत सिद्धांत होता. इतर खेळाडू प्रचंड राक्षस आणि ड्रॅगन गोळा करीत असता वाइसमनने जवळजवळ कोणतेही प्राणी घेतले नाहीत. विजयासाठी ‘सेरा एंजल’च्या दोन प्रती त्याला पुरेशा वाटल्या. परिणामी प्राण्यांना मारण्यासाठी प्रतिपक्षाने घेतलेली सर्व पाने त्याच्या हातात निरुपयोगी होऊन पडून राहत, आणि दरम्यान वाइसमनचे राजदंडाचे पान दर पाळीला प्रतिपक्षाला हातातील एकेक पान टाकावयास लावी, तर ग्रंथाचे पान वाइसमनला एकेक अधिक पान पुरवी. माझ्या एका पानाने तुझी दोन पाने वाया घालवावीत, हा तो सिद्धांत. त्याला खेळाडू ‘कार्ड अ‍ॅडव्हान्टेज’ म्हणू लागले. १९९६ मध्ये जे श्नायडर या खेळाडूच्या विचारांवर बेतलेला आणि पॉल स्लाय याने अटलांटा येथील पात्रता-स्पर्धेत खेळलेला डेक याच्या उलट टोकाचा होता : सामान्य, स्वस्त, कोणी ढुंकूनही न पाहणारी तांबडी पाने, परंतु त्यांच्या किमतींचे प्रमाण असे साधलेले की, पहिल्या पाळीला एक मॅना, दुसरीला दोन, तिसरीला तीन, असा मिळणारा प्रत्येक मॅना त्याच पाळीत खर्ची पडावा. वाइसमनने पानांचा हिशेब मांडला, श्नायडरने काळाचा.

तिसरा हिशेब आयुष्याचा. प्रत्येक खेळाडू २० आयुष्यांनी डाव सुरू करतो आणि ती जपावीत हे नवख्याला स्वयंसिद्ध वाटते. म्हणूनच १९९५ च्या ‘आइस एज’ संचातील ‘नेक्रोपोटेन्स’ या काळ्या पानाची थोरवी आरंभी अनेकांच्या ध्यानात आली नाही. ते खेळले की नेहमीप्रमाणे पान उचलण्याचा हक्क जातो; त्याबदली एकेक आयुष्य देऊन हवी तितकी पाने पाळीच्या शेवटी हाती घेता येतात. शेवटचे एक आयुष्य शिल्लक असेपर्यंत आपण हरत नाही, तेव्हा उरलेली एकोणीस ही खर्च करण्याजोगी रक्कम आहे, हे ज्यांना उमगले त्यांनी १९९६ चा उन्हाळा गाजवला, आणि तो उन्हाळा खेळाच्या बखरीत ‘काळा उन्हाळा’ म्हणून नोंदला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत न्यूयॉर्क येथे रोख बक्षिसांची पहिली व्यावसायिक स्पर्धा भरली होती. खेळावर रक्कम लागली, आणि नियमाचे प्रत्येक अक्षर तपासले जाऊ लागले.

त्या जुन्या नियमांत काय काय दडलेले होते याचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. आयुष्य शून्यावर आलेला खेळाडू तत्क्षणी हरत नसे. पाळीचा चालू टप्पा संपताना त्याची मोजदाद होई. ‘मिरर युनिव्हर्स’ नावाचे पान दोन्ही खेळाडूंची आयुष्ये परस्परांत बदलून देई, मात्र पाळीच्या आरंभीच्या ठरावीक टप्प्यातच. चतुर खेळाडू त्या टप्प्यात बुद्ध्याच स्वतःला इजा करून घेऊन शून्यावर येई, टप्पा संपण्याच्या आत आरसा फोडी, आणि आपले शून्य प्रतिपक्षाच्या हवाली करी. टप्पा संपे आणि प्रतिपक्ष हरे. या युक्तीला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. नियमाच्या शब्दात ती होती, आणि ती शोधणाराने नियम त्याच्या कर्त्याहून अधिक काळजीपूर्वक वाचला होता.

कालनिर्णयाचे नियम त्याहून बिकट होते. काही जलद पाने ‘इन्स्टंट’, त्यांहून जलद ती ‘इंटरप्ट’. इजा टाळणाऱ्या पानांसाठी निराळा राखीव अवकाश. आणि कोणते पान कोणाच्या आधी निकालात काढावे याचे निर्णय परिशिष्टांमागून परिशिष्टांत विखुरलेले. हा सारा गुंता १९९९ साली सहाव्या आवृत्तीबरोबर मोडीत काढण्यात आला. त्या जागी ‘स्टॅक’ आला : टाकलेला प्रत्येक परिणाम आधीच्यावर रचला जातो, दोघांनीही थांबण्यास संमती दिली की सर्वांत वरचा, म्हणजे शेवटी आलेला, प्रथम निकालात निघतो, आणि प्रत्येक निकालानंतर दोघांनाही पुन्हा बोलण्याची संधी मिळते. इंटरप्टचा वर्ग रद्द झाला. शून्य आयुष्याचा खेळाडू तत्काळ हरू लागला, आणि आरशाची युक्ती बेकायदा ठरवावी न लागता आपोआप अस्तंगत झाली. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच, कोणत्याही संचाचे प्रकाशन नव्हे. डावपेचशास्त्रही त्याच सुमारास पुढे सरकले : मायकेल फ्लोरेस या खेळाडूने आपल्या विख्यात लेखात, प्रत्येक लढतीत एकाने आक्रमक आणि दुसऱ्याने प्रतिबंधक व्हावयाचे असते व आपली भूमिका चुकीची ओळखणारा हरतो, असे प्रतिपादन केले.

नव्या कायद्यानेही नव्या फटी उघडल्या. लढाईतील इजासुद्धा स्टॅकवर जाऊ लागल्याने ‘मॉग फॅनॅटिक’ हा एक शक्तीचा क्षुद्र गोब्लिन प्रथम आपली इजा स्टॅकवर ठेवी, आणि ती लागू होण्यापूर्वी स्वतःचा बळी देऊन आणखी एक इजा करी; एकाच्या किमतीत दोनदा घाव. दहा वर्षे हा डाव प्रत्येक कसलेल्या खेळाडूच्या अंगवळणी होता. २००९ मध्ये लढाईची इजा स्टॅकवरून काढण्यात आली, तेव्हा खेळाचे कौशल्य हरपल्याची ओरड झाली. मला ती पटत नाही. कारण आता गोब्लिनच्या धन्याला घाव घालावा की बळी द्यावा याची निवड करावी लागते, आणि कौशल्य निवडीत असते.

काही प्रश्न मात्र कोणत्याही एका कलमाने सुटणारे नव्हते. ‘ह्युमिलिटी’ हे पान सांगते की, सर्व प्राणी आपले सर्व गुण गमावतात आणि प्रत्येकाचे बल एक होते. ‘ओपॅलेसन्स’ हे पान सांगते की, स्वतःखेरीज त्याच्या वर्गातील इतर सर्व मंत्रपाने प्राणी होतात आणि त्यांचे बल त्यांच्या किमतीइतके असते. दोन्ही एकाच वेळी मेजावर आली तर ह्युमिलिटी स्वतःच प्राणी होते, म्हणजे स्वतःच्याच आज्ञेने स्वतःचा गुण गमावते. मग आज्ञा देणारे कोण उरले? या प्रश्नासाठी थरांची पद्धती सिद्ध झाली. प्रथम जातीचे बदल, नंतर गुणांचे, शेवटी बलाचे. आणि ज्या परिणामाचा अंमल एका थरात सुरू झाला तो, त्याचे मूळ त्याच थरात नष्ट झाले तरी, पुढील थरांत चालू राहतो. बलाच्या थरात ज्येष्ठताक्रम लागतो : ह्युमिलिटी आधी आली असेल तर नंतर आलेल्या ओपॅलेसन्सचा शब्द शेवटचा ठरून ह्युमिलिटी चार बलाची होते, ती नंतर आली असेल तर एकाची. वेदवाक्यांतील परस्परविरोध सोडवणाऱ्या आपल्या मीमांसकांना हा विचार परका वाटला नसता.

हेतू की शब्द, हा फिलाडेल्फियातील वाद ‘टाइम व्हॉल्ट’ या पहिल्या आवृत्तीतील पानावर निकालास आला. एक पाळी सोडली की ते पुन्हा उभे करता येते, आणि आडवे केले, म्हणजे वापरले, की एक जादा पाळी देते. इतर पानांच्या मदतीने त्याचा दुरुपयोग होऊ नये म्हणून कंपनीने दप्तरातील त्याच्या अधिकृत मजकुरात वर्षानुवर्षे बदल केले, इतके की छापील पान वाचून त्याचा अर्थ लावणे अशक्य झाले. २००८ मध्ये ते बदल मागे घेण्यात आले. ‘व्होल्टेइक की’ या स्वस्त पानाने ते पुन्हा पुन्हा उभे करता येऊ लागले, पाळीमागून पाळी मिळू लागली, आणि कंपनीने ते परिणाम स्वीकारून पानावर स्पर्धेपुरते निर्बंध घातले. पानाचा अर्थ शक्यतो छापल्याप्रमाणेच लागावा, आणि तो घातक असेल तर उघडपणे बंदी घालावी, गुपचूप अर्थ बदलू नये : हे तत्त्व मला सर्वार्थाने न्याय्य वाटते.

आज नियमांचा समग्र ग्रंथ दोनशेहून अधिक पृष्ठांचा आहे आणि परीक्षा देऊन तयार झालेले पंच मेजाशी उभे राहून त्याच्या आधारे निवाडे देतात. २०१९ मध्ये चर्चिल, बिडरमन आणि हेरिक या तिघांनी गणिताने सिद्ध केले की, स्पर्धेत चालण्याजोग्या ६० पानांच्या डेकने पटावर अशी मांडणी करता येते, की जीत पुढची प्रत्येक हालचाल नियमांनीच सक्तीची केलेली असते आणि ती मांडणी कोणतीही संगणना करू शकते. म्हणून अशा डावात शेवटी कोण जिंकणार हे सर्व प्रसंगी ठरवून देणारी कोणतीही रीत असणे शक्य नाही. कधीही न संपणारे सक्तीचे आवर्तन बरोबरीत सोडवावे, असे कलम ग्रंथात आहे. परंतु समोर चाललेले आवर्तन संपणारे आहे की न संपणारे, हे सांगण्याचा सर्वसाधारण मार्ग पंचाला उपलब्ध नाही. तेथे त्याच्या हाती उरते ती फेरीची ५० मिनिटांची मुदत, आणि ती संपल्यानंतर मिळणाऱ्या पाच जादा पाळ्या.