हिस्लॉप महाविद्यालय, नागपूर : विद्या, मैदान आणि जेऊरचे नाते

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर लोहमार्गावर असलेले जेऊर हे चित्रपट दिग्दर्शक श्री. नागराज मंजुळे यांचे गाव. 'फँड्री' (२०१३) व 'सैराट' (२०१६) या मराठी चित्रपटांनंतर २०२२ साली त्यांचा 'झुंड' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. ज्यांच्या जीवनावर तो आधारलेला आहे, ते श्री. विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. या ख्रिस्ती संस्थेचा हा अल्प परिचय.

स्थापना
महाविद्यालयास रे. स्टीफन हिस्लॉप (१८१७-१८६३) यांचे नाव दिलेले आहे. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. ते भूगर्भशास्त्राचेही अभ्यासक होते; 'हिस्लोपाइट' हे खनिज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. गोंड समाजाविषयी त्यांनी केलेले लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ते नदीच्या पुरात बुडाले. त्यांच्या कार्यातून १८८३ साली महाविद्यालय उभे राहिले. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्यास संलग्न झाले. येथे कला, विज्ञान व वाणिज्य या शाखांचे शिक्षण दिले जाते.

मैदान
२००१ सालच्या पावसाळ्यात झोपडपट्टीतील काही मुले फुटकी बादली लाथाडीत खेळताना श्री. बारसे यांनी पाहिली. त्यांनी त्या मुलांना फुटबॉल दिला. पुढे वस्त्यावस्त्यांतील संघांच्या स्पर्धा भरल्या व 'स्लम सॉकर' ही चळवळ उभी राहिली. तिच्याद्वारे भारतीय संघ बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेपर्यंत पोहोचले. २०१६ साली तिला फिफाचा विविधता पुरस्कार लाभला. हे कार्य महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात नव्हते. ते एका शिक्षकाने स्वतःहून अंगावर घेतले होते.

आपल्यासाठी बोध
महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामधील भिंत 'झुंड'मध्ये ठळकपणे दिसते. वंचितांचे जीवन जवळून जाणणाऱ्या जेऊरच्या दिग्दर्शकाने ती दाखवावी, हे स्वाभाविकच होय. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालच्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात बुद्धीबरोबर शरीराच्याही विकासाचा पुरस्कार केला आणि कॅथोलिक शाळांनी गरिबांची विशेष काळजी घ्यावी, असे सांगितले. संत पौलानेही श्रद्धेच्या जीवनाला धावण्याच्या शर्यतीची उपमा दिली आहे.

हिस्लॉप ही प्रोटेस्टंट परंपरेतील संस्था असली, तरी तिच्या इतिहासातून उभा राहणारा प्रश्न आपल्या धर्मप्रांतातील शाळांनाही लागू आहे. आपले निकाल उत्तम असतात, मैदानेही प्रशस्त असतात. परंतु शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मुलासाठी ते फाटक उघडते काय? प्रत्येक धर्मग्रामाने याचे प्रामाणिक उत्तर शोधावे.