बाखाराखची तांबडी कमान

ऱ्हाइनकाठच्या बाखाराखला मी गेलो तो द्राक्षमळे पाहायला. बिंगेनजवळ नदीत खडक. म्हणून वरच्या मुलखातली वाइनची पिंपे पूर्वी इथे मोठ्या जहाजांवर चढत, आणि परगावच्या वाइनलाही ह्याच गावाचे नाव चिकटे! पण नजर खिळली ती चढणीवरच्या वेर्नर चॅपेलच्या तांबड्या, बिनछपराच्या कमानींवर. १२८७ साली वेर्नर नावाचा पोर मेलेला सापडला. ज्यूंनी मारला, अशी आवई उठली, पुरावा कसला? नदीकाठच्या गावोगावी ज्यूंच्या कत्तली झाल्या. पोर संत ठरला, त्याच्या नावाने हे चॅपेल उभे राहिले. १६८९ मध्ये फ्रेंचांनी वरचा श्टालेक किल्ला उडवला, त्यात तेही ढासळले. ट्रियरच्या धर्मप्रांताने वेर्नरचे नाव संतांच्या यादीतून काढले ते मात्र १९६३ साली.