जोडेघाटानंतर

१९४० साली हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात, जोडेघाटच्या डोंगरात, पोलिसांच्या गोळीबारात कुमराम भीम आणि त्याचे सोबती पडले. तंटा जमिनीचा होता. कसलेली शेते राखीव जंगलात गेली, वस्त्या उठविल्या गेल्या, अर्जविनंत्या निष्फळ ठरल्या. मग हत्यार उचलले गेले. ही कथा सर्वश्रुत आहे. मागे राहिलेल्या भयभीत गोंडांना आधार कोणी दिला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

या प्रकारानंतर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपविले. हे गृहस्थ ऑस्ट्रियन. म्हणजे महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक! त्यामुळे संस्थानाबाहेर जाण्याची त्यांना मोकळीक नव्हती. पत्नी बेटी यांच्यासह ते तेव्हाच्या उटनूर तालुक्यातील मारलवाई या खेड्यात झोपडी बांधून राहिले.

त्यांना आढळले ते असे, की गोंड पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होते, पण पुष्कळांपाशी पट्टा नव्हता. बाहेरून आलेला शेतकरी किंवा सावकार पटवाऱ्याला गाठून तीच जमीन आपल्या नावावर करून घेई. दफ्तराची भाषा उर्दू. गोंडाला आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे हेही कळत नसे. अशा माणसाला नुसती दया दाखवून काय उपयोग?

म्हणून १९४३ साली मारलवाईत गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडी वाचनमाला देवनागरीत छापल्या गेल्या. त्या भागातील गोंडांना मराठीचा परिचय होता, त्यामुळे ही लिपी परकी नव्हती. शाळेत शिकलेला मुलगा कागद वाचून दाखवू लागला, हा लाभ लहान नव्हे. महसूलखाते सांभाळणारे ग्रिगसन यांचा पाठिंबा मिळाल्याने पट्टेवाटपही सुरू झाले. १९४६ साली आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम आला.

याच परंपरेत निलंग्याचे सेतु माधवराव पगडी येतात. पुढे इतिहासकार म्हणून नावाजलेले हे मुलकी अधिकारी आदिलाबादेत असताना गोंडी शिकले आणि त्यांनी तिचे व्याकरण लिहिले. दुभाष्याविना गाऱ्हाणे ऐकणारा अधिकारी गोंडांनी फारसा पाहिलेला नव्हता.

पुढे मात्र संरक्षणाची पकड सैल झाली आणि जमिनी पुन्हा परक्यांच्या हाती जाऊ लागल्या. २० एप्रिल १९८१ रोजी उटनूरजवळ इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांचीही मागणी जमिनीचीच होती.