जुना संगणक आणि आभासी वास्तवाचे खेळ

बिदर, कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील घरगुती संगणक आभासी वास्तवाच्या खेळांसाठी मोडीत काढण्याची गरज सहसा नसते. २०१६ मध्ये आलेल्या ऑक्युलस रिफ्टसाठी आय५-४५९० प्रोसेसर, जीटीएक्स ९७० ग्राफिक्स कार्ड व ८ जीबी रॅम सुचवलेली होती. दृश्य सेकंदाला ९० वेळा बदलावे लागते. ही गती ढळल्यास मळमळ होते. प्रोसेसर या तोडीचा असेल, तर पैसा प्रथम ग्राफिक्स कार्डावर खर्चावा. मात्र ९७० कार्ड एकटेच १४५ वॅट वीज घेते. म्हणून ५०० वॅटचा दर्जेदार पॉवर सप्लाय आधी हवा. या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेले कार्ड मंदावते; पंख्यांतील धूळ काढणे ही सर्वांत स्वस्त सुधारणा होय.